रक्ततपासणीचा अभ्यास

आमच्या घरातले पुरुष साठीच्या आसपास छातीवर हात ठेवून जातात. सासरे तसे गेले. थोरले दीरही तसेच गेले, सकाळी आरामखुर्चीत पेपर वाचता वाचता; चहा अर्धा राहिला. त्यामुळे आमच्या ह्यांना एकसष्टाव्या वर्षी शनिवार पेठेतल्या घराचे दोन जिने चढताना धाप लागायला लागली, तेव्हा त्याच आठवड्यात मी त्यांना ओढत डॉक्टरकडे नेलं. ओढत म्हणजे अगदी बाहीला धरून. पायऱ्या उंच आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हापासून पायऱ्या त्याच आहेत, पण हे बोलण्यात अर्थ नव्हता.

डॉक्टर कोणता, ह्यावरून आधी चार दिवस वाद. हे शाळेत शास्त्र शिकवायचे, त्यामुळे पेठांमधला निम्मा डॉक्टरवर्ग त्यांच्या हाताखालून गेलेला. एकाचं नाव काढलं तर म्हणाले, "त्याच्याकडे? आठवीत हृदयाला तीन कप्पे काढले होते त्याने!" दुसरीचं काढलं तर, "मुलगी हुशार, पण नुसतं पाठ करून लिहायची. जाऊ दे." शेवटी नदीपलीकडे एक बाई सापडल्या. सोलापूरकडच्या होत्या, म्हणजे ह्यांनी त्यांची वही कधी तपासलेली नव्हती. तिथे जायला साहेब तयार झाले.

रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल वाढलेलं, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी तर त्याहून वाढलेली. बाईंनी रोज रात्री घ्यायची एक गोळी लिहून दिली, तळलेलं आणि गोड कमी करायला सांगितलं, आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू म्हणाल्या. कुठल्याही सरळ माणसाला ह्यातून कळलं असतं की आता रोज काळजी घ्यायची. आमच्या ह्यांनी ऐकलं ते एवढंच की तिमाही परीक्षा आहे.

पहिले तीन महिने त्यांनी इमानेइतबारे काढले, हे कबूल करते. रिपोर्ट छान आला. बाई म्हणाल्या, "वा सर!" झालं. आयुष्यभर दुसऱ्यांना शेरे दिलेला माणूस, पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या कागदावर लाल शाईने 'उत्तम' लिहिल्यासारखा फुलला. तो रिपोर्ट घडी न घालता, वर्तमानपत्रात गुंडाळून, दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर गेला.

कट्टा म्हणजे नदीकाठच्या रस्त्यावर रोज फिरायला जाणारी निवृत्त माणसांची टोळी. एक बँकेतले, एक पोस्टातले, एक पाटबंधारे खात्यातले आणि आमचे मास्तर. इतर गावांत म्हातारे भेटले की नातवंडांविषयी बोलतात. आमच्याकडे "एचडीएल किती?" असं विचारतात (एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल), आणि तेही अशा सुरात की जणू बोर्डाचा निकाल लागलाय. बँकेतल्यांचा पहिला नंबर असायचा. ह्यांना ते सहन होईना.

मग ह्यांनी ती युक्ती काढली, किंवा कट्ट्यानेच काढली असेल. त्या टाळक्यांतून काय निघेल सांगता येत नाही. तारखेच्या आधी दोन आठवडे घरात अभ्यासाची सुट्टी लागायची. बिनसाखरेचा चहा. ज्वारीची भाकरी, दुधी, उकडलेली कडधान्यं. तूप दिसलं तरी तोंड फिरवणार. सकाळ-संध्याकाळ फिरणं. कुणाकडे बारसं, मुंज असली तरी ताटाला नमस्कार करून हे नुसतं ताक पिणार. आणि ज्या सकाळी रक्त दिलं, त्याच सकाळी, दंडावरचा कापूस सुटला नसताना, कट्टा थेट मिसळ खायला. तर्री जास्त मारून. वर कांदाभजी. ते भज्यांचं तेल कढईत इतके दिवस राहिलेलं असायचं की त्याला रंग उरला नव्हता, काळोख होता नुसता. आणि मिसळीच्या आधी बागेच्या दारात मिळतो तो कारल्याचा रस प्यायचा, म्हणजे हिशेब बरोबर!

मी टेलिफोन खात्यात नोकरी केली. आयुष्यभर लोकांच्या तक्रारी कानाला लावून बसले, त्यामुळे थाप ओळखायला मला आवाज पुरतो, चेहरा लागत नाही. "आज काय खाल्लंत?" विचारलं की, "काही नाही गं, जरासं पोहे," असं म्हणताना ह्यांचा आवाज अर्ध्या पट्टीने वर जायचा.  मग शर्ट धुवायला घेताना मी वास घ्यायची.

तेलाची तर वेगळीच तऱ्हा. आमच्या घरात तळणीचं तेल टाकायचं नाही, हा ह्यांचा नियम. दिवाळीत चकल्या-करंज्या तळून उरलेलं तेल गाळून बरणीत भरायचं आणि पुढे महिनाभर फोडणीला वापरायचं. गंमत अशी की हाच माणूस वर्गात खवटपणाचा धडा शिकवायचा. तेला-तुपाचा प्राणवायूशी संयोग झाला की ते कसं बिघडतं, त्याला वास आणि चव कशी येते, हे समजावायला घरातला शिळा चिवडा डब्यात घालून न्यायचे आणि पोरांना रांगेने हुंगायला लावायचे. घरी आले की तेच तेल फोडणीत चालायचं. "अहो, हे खवट नाही का?" म्हटलं तर उत्तर तयार, "ते शाळेत."

त्यावर मी माझा इलाज केला होता. बरणीतलं तेल हळूहळू खिडक्यांच्या बिजागऱ्यांना, गॅलरीच्या दाराला, शिवणयंत्राला जायचं, आणि फोडणी ताज्या तेलाची व्हायची. बरणी मात्र ह्यांच्या नजरेसमोर रोज थोडी खाली जायची. जेवताना हे आमटी भुरकून म्हणायचे, "बघ, जुन्या तेलाच्या फोडणीला एक वेगळीच चव असते." मी म्हणायची, "असते ना." आमच्या दारांच्या इतक्या गुळगुळीत बिजागऱ्या पेठेत कुणाच्या नसतील.

इथपर्यंत सगळी मौजच होती. मौज संपली ती त्यांच्या चष्म्याच्या घरात गोळ्यांचं पाकीट सापडलं तेव्हा. माझा चष्मा मिळेना म्हणून त्यांचं घर उघडलं, तर आत रात्रीच्या गोळीचं पाकीट. थोड्याच गोळ्या काढलेल्या. औषधाच्या दुकानातून ते घरी येऊन महिने झालेले. म्हणजे गोळीसुद्धा अभ्यासाच्या सुट्टीतच! परीक्षा संपली की पाकीट बंद.

मी समोर धरलं. ह्यांनी आधी चष्म्याचं घर उघडल्याबद्दल मलाच झापलं. मग म्हणाले, "रोज रोज औषध घेतलं की शरीर आळशी होतं. आणि निकाल बघ ना. निकाल बोलतोय."

"निकाल बोलतोय, पण तुम्ही त्याला पढवून पाठवता!"

"पास होतोय की नाही?"

तळपायाची आग मस्तकात गेली. पण ह्या माणसाशी वाद घालणं म्हणजे फळ्यावर डोकं आपटणं. मी पाकीट परत चष्म्याच्या घरात ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेले.

खरं सांगू का, मला भीती वाटत होती. फार. हे सकाळी आरामखुर्चीत पेपर तोंडावर घेऊन बसायचे आणि पान बराच वेळ उलटलं गेलं नाही, तर मी स्वयंपाकघरातूनच कान देऊन उभी राहायची. बाहेर जाऊन बघायचं धाडस व्हायचं नाही. मग मी मुद्दाम पातेल्यावर झाकण आपटायची. "काय गं, भांडी कसली आदळतेस सकाळी सकाळी!" असं बाहेरून खेकसणं आलं की माझा जीव भांड्यात पडायचा. किती झाकणांना पोचे आले असतील, देव जाणे.

माझ्या गुडघ्याचं निमित्त करून मी एकटीच नदीपलीकडच्या बाईंकडे गेले आणि सगळं ओकले. अभ्यासाची सुट्टी, मिसळ, गोळ्या, सगळं. बाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "मावशी, मी पेशंटला फसवणार नाही. पण तपासणी कधी करायची ते मी ठरवते, सरांनी नाही. तारीख मी अलीकडे घेते. कधीची घेऊ?"

मी म्हटलं, "सोमवारची घ्या."

कारण रविवारी हडपसरला लेकीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. लेकीचं सासर तिथलं जुनं, शेतीवाडीचं. जमिनीवर आता इमारती उभ्या आहेत, पण वाढण्याचा हात शेतावरचाच राहिलाय. पुरणपोळी तुपात बुडवायची, वरून लावायची नाही. कटाची आमटी, भजी, कुरडया, पापड. ह्यांच्या परीक्षेला अजून महिना होता, त्यामुळे मास्तर सुट्टीवरच होते. "आता पुरे," असं ते नुसतं वरच्यावर म्हणत होते, ताटावर हात न धरता. विहीणबाईंना तेवढं पुरे झालं. "अवं खावा की मास्तर! यवढ्यानं काय हुतंय? घर काय रोज बांधतो व्हय आपण!" असं म्हणून त्यांनी आणखी एक पोळी वाढली आणि तिच्यावर तुपाची वाटी उपडी केली. मी समोर बसून शांतपणे बघत होते. एकदा तर मीच भज्यांची परात त्यांच्याकडे सरकवली. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की ही आज अशी कशी काय. पण भजी खाल्ली.

घरी येऊन म्हणाले, "आज रात्री लंघन. पाण्याचा घोट जाणार नाही." मी मनात म्हटलं, फारच उत्तम, उपाशीपोटीच लागतं.

सोमवारी सकाळी सातला दाराची घंटा वाजली. प्रयोगशाळेतल्या बाई पेटी घेऊन उभ्या. हे दात घासत बाहेर आले आणि तोंडात फेस तसाच ठेवून म्हणाले, "आज? आज कसं? माझी तारीख पुढच्या महिन्यात आहे!"

"डॉक्टरांनी आजची दिलीय, काका."

"पण माझी काही तयारी नाही!"

त्या बाई बिचाऱ्या बुचकळ्यात पडल्या. रक्त द्यायला तयारी लागते, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. मग मी पुढे झाले. म्हटलं, "अहो, वर्गात काय सांगायचात? रोज अभ्यास करणाऱ्याला अचानक घेतलेल्या चाचणीची भीती नसते. बसा. बाही वर करा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काल सरकवलेली भज्यांची परात त्यांना त्या क्षणी आठवली, हे मला स्पष्ट दिसलं. "फितूर!" एवढंच म्हणाले आणि चूळ भरायला गेले. मग येऊन दंड पुढे केला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. दोन दिवस माझ्याशी अवाक्षर नाही. मीठ हवं असेल तरी मिठाकडे बघायचे.

रिपोर्ट आला तो वाईटच; तो घेऊन आम्ही दोघं नदीपलीकडे गेलो. ट्रायग्लिसराइड रविवारमुळे वर गेलं असेल, हे डॉक्टरबाईंनीही मान्य केलं. पण वाईट कोलेस्टेरॉल एका जेवणाने असं चढत नाही, म्हणाल्या. मग त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि ह्यांना विचारलं, "सर, खवटपणा म्हणजे काय, जरा सांगता का मला?"

माझे मास्तर खुलले. दोन दिवसांचा राग विसरून खुर्चीत सरळ बसले, आणि वर्गातल्या आवाजात सुरू. तेल उघडं राहिलं, तापलं, उन्हात राहिलं की हवेतला प्राणवायू त्याच्या रेणूंना कसा धरतो. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला कसा बिघडवतो. वास उशिरा येतो, बिघाड आधीच सुरू झालेला असतो. म्हणून वेफर्सच्या पाकिटात नायट्रोजन भरतात. बाईंनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "आता हेच रक्तवाहिनीत होतं. जास्तीचं कोलेस्टेरॉल रक्तातून नळीच्या अस्तरात शिरतं आणि तिथे मुक्काम ठोकतं. जितका मुक्काम लांबेल, तितकं ते तिथे खवट होतं. साधं असतं तोवर शरीर चालवून घेतं. खवट झालं की पहारेकरी पेशी त्याला परकं समजून गिळत सुटतात, फुगतात आणि तिथेच रुतून बसतात. त्याचा थर होतो. तंबाखू, वाढलेली साखर, पुन्हा पुन्हा उकळलेलं तेल, ह्यांनी ते आणखी लवकर होतं. आणि सर, ह्या कागदावर चरबी किती ते कळतं. आत किती खवट झाली, ते ह्यावर येत नाही."

ह्यांनी खिशातून रुमाल काढला, पण काही पुसलं नाही. मग म्हणाले, "आवळ्याचा रस घेतो मी. कट्ट्यावरचे एक जण कॅप्सूल पण घेतात, ऑक्सिडेशन थांबवायच्या."

"आवळा खा, भाज्या खा, फळं खा. कॅप्सूल घेऊन हार्ट अटॅक टळतात, असं काही दिसलेलं नाही. ही रात्रीची गोळी चरबीच कमी ठेवते, म्हणजे खवट व्हायला माल उरत नाही. पण ती रोज असेल तरच. तुम्ही परीक्षेपुरती नळी साफ नाही करू शकत, सर. रोज घेता ना?"

 मला माहीत होतं की हे आता 'हो' म्हणणार, आणि आवाज अर्ध्या पट्टीने वर जाणार.

"नाही," हे म्हणाले. "तपासणीच्या आधी तेवढी घेतो."

मला वाटलं होतं की हे ऐकून मला बरं वाटेल. शेवटी मीच पकडून आणलं होतं. पण त्यांच्या तोंडून ते ऐकलं आणि माझा बांध फुटला. परक्या बाईसमोर, दवाखान्यात, मी ओरडले. "पहिला नंबर काढाल हो तुम्ही! मिरवाल कट्ट्यावर! आणि एक दिवस खुर्चीतून उठला नाहीत, तर मी कुणाला विचारू? ते रिपोर्ट उराशी धरून बसू का मी? मला नकोत तुमचे मार्क, मला तुम्ही हवे आहात!" बाहेर बसलेले पेशंट नक्की चपापले असतील. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असलं वाक्य मी कधी बोलले नव्हते. आमच्यात तशी पद्धतच नाही.

बाईंनी तिथल्या तिथे कार्डिओग्राम काढला. तो त्यांना पसंत पडला नाही. पुढे अँजिओग्राफी झाली, एका नळीत बराच थर निघाला, तिथे स्टेंट बसला. तिथले डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. मिसळ गेली, तळणीच्या तेलाची बरणी गेली. कट्ट्याची परीक्षाही मोडीत निघाली, कारण आमच्या ह्यांनी तो वाईट रिपोर्ट तिथे मोठ्याने वाचून दाखवला आणि बँकेतल्यांना सगळ्यांदेखत विचारलं, "तुम्ही गोळी रोज घेता का हो?" बँकेतले नदीकडे बघायला लागले म्हणे.

पण ते सगळं नंतरचं. माझ्या मनात राहिली आहे ती त्या दिवशी दवाखान्यातून घरी येतानाची रिक्षा. हे एका कडेला, मी दुसऱ्या कडेला, मध्ये माझी पर्स. मी एक चांगला झणझणीत टोमणा तयार ठेवला होता. पुलाअलीकडच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा तेच बोलले, बाहेर बघत.

"मी तुला फसवत नव्हतो गं. रिपोर्ट चांगला आला की मला झोप लागायची. महिनाभर तरी लागायची. मग पुन्हा रात्री छातीवर हात ठेवून पडायचो, ठोके मोजत. मला ठाऊक होतं की तो निकाल खोटा आहे. पण बघायला बरा वाटायचा."

मी झाकणं आपटत होते आणि हे आतल्या खोलीत ठोके मोजत होते. एकाच घरात, एकमेकांना न सांगता. माझा टोमणा कुठल्या कुठे गेला.

त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, त्यातून पाकीट काढलं आणि एक गोळी हातावर घेतली.

"अहो, ती रात्रीची आहे," मी म्हटलं.

"असू दे. पाणी दे."

सिग्नल सुटला, मागून हॉर्न सुरू झाले, रिक्षावाल्याने गचका देऊन गाडी काढली. मी बाटली उघडून दिली. रिक्षाच्या गचक्यांनी पाणी त्यांच्या शर्टावर सांडायला लागलं. म्हणून मी मधली पर्स खाली ठेवली, त्यांच्याजवळ सरकले आणि ते पीत होते तोवर बाटली धरून बसले.